उंबऱ्याचा आकडा: पावसाळ्याआधी पेठेनं करायची तयारी

मे संपत आला की तालमीत बैठक लावा आणि पहिला विषय पाण्याचा घ्या. गणपतीचा विषय आधी निघाला की देखाव्यावरनं रात्रीचे बारा वाजतात आणि पाण्याचं पुढच्या बैठकीवर जातं. पुढची बैठक होईस्तोवर आपली पंचगंगा पात्राबाहेर पडलेली असते. बैठकीला पेठेतलं एक तरी असं म्हातारं माणूस बोलवा ज्याला २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवता येतं. आणि टेप धरायला दोन पोरं ठेवा, कारण पहिलं काम मोजायचं आहे.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगंही सांगेल. पण हे आकडे सगळ्या जिल्ह्याचे. तुमच्या उंबऱ्याचा आकडा, म्हणजे बंधाऱ्यावर किती फूट झालं की पाणी तुमच्या दारात येतं तो, वेगळा, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. तो काढणं अवघड नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५६ फुटांच्या वर गेलं होतं. त्याची खूण अजून पुष्कळ भिंतींवर आहे. रंग दिला तरी आतली ओल सांगते. त्या खुणेपासून उंबऱ्यापर्यंत टेप लावा. खूण उंबऱ्याच्या वर पाच फूट असेल तर तुमचा उंबरा साधारण ५१ फुटांवर आला. २०१९ ची खूण सापडली तर तिच्यावरून पडताळा घ्या. तेव्हा पाणी ५५ च्या वर होतं. बंधारा शहराच्या खालच्या अंगाला, कसबा बावड्याला आहे, शिवाय नाल्याकाठच्या गल्ल्यांत पाणी आपल्या मर्जीनं फिरतं, म्हणून हिशोबातनं एक फूट सरळ वजा करा आणि ५० धरा. गल्लीच्या तोंडाला, मधल्या खांबाला, शेवटच्या घराला असे आकडे काढून ऑइल पेंटनं लिहून टाका. मग रात्री मोबाईलवर ‘४५ फूट ६ इंच’ असा मेसेज आला की कुणी कुणाला ‘आपल्याकडं येतंय का रे?’ विचारत बसणार नाही. जुन्या लोकांचं मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी शिवाजी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला लागलं का, ते बघणं खुशाल चालू द्या. ती खूण खोटी बोलत नाही, पण ती बघायला पुलापर्यंत जावं लागतं.

सामान हलवायला पाणी दारात यायची वाट बघायची नाही. आपल्या आकड्याच्या चार फूट आधी हलायचं, आणि ती वेळ दिवसाउजेडी गाठायची. पंचगंगा बहुतेक वेळा इंचाइंचानं चढते. ही आपल्यावर तिची मेहेरबानीच आहे. मात्र शहरात ऊन पडलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी ठरतं ते गगनबावड्यात आणि राधानगरीत. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत, आणि एकेका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत आणि तिथनं पंचगंगेत येतं. किती दरवाजे उघडलेत आणि कासारी, कुंभी, तुळशीच्या धरणांतनं काय सोडलंय, हे रोज बघायचं काम एकाच माणसाकडं द्या. ग्रुपवर पाच जणांनी पाच आकडे टाकले, त्यातले दोन गेल्या वर्षीचे निघाले, की सगळ्यांचाच विश्वास उडतो.

महापालिकेचं काम जूनच्या आधी उरकायचं. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं जायचं थांबतं आणि उलटं शहरात शिरतं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा ही ठिकाणं नदीकाठची नाहीत, तरी बुडतात ती याच्यामुळं. म्हणून नाल्यातला गाळ काढला का, काढलेला गाळ काठावरच ठेवला का (पहिल्या पावसात तो परत आत), गल्लीतल्या चॅनेलवर (गटारावर) कुणी फरशी टाकून पार्किंग केलंय का, हे फिरून बघा आणि फोटोसकट लेखी अर्ज द्या. आपलं विभागीय कार्यालय कुठलं ते आधी बघून ठेवा: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी की ताराराणी मार्केट. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ‘साहेबांना सांगितलंय’ याला कागदावर किंमत नाही. नगरसेवकाला सांगावंच, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नये. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि २०२१ चा महापूर प्रशासकांच्या काळात आला. तेव्हा ज्या गल्ल्यांना आरोग्य निरीक्षकाचा, पंप ऑपरेटरचा आणि अग्निशमनच्या ड्युटीवरच्या माणसाचा नंबर तोंडपाठ होता, त्यांचं काम लवकर झालं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, विजेसाठी १९१२, ॲम्ब्युलन्सला १०८ हे नंबर तालमीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा.

मग घरवार यादी. माणसं किती यापेक्षा कोण आहे ते लिहा: अंथरुणाला खिळलेलं कुणी, दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसवर असलेला माणूस, रोज इन्सुलिन घेणारे, एकटी राहणारी म्हातारी. डायलिसिसवाल्याचं काय करायचं ते पाणी येण्याआधीच ठरवायचं, कारण व्हीनस कॉर्नरकडचा रस्ता एकदा गेला की दवाखाना दिसत असून लांब पडतो.

यादीत जनावरंही लिहा. बाहेरच्यांना हसू येईल, पण कोल्हापूरच्या पेठांत अजून म्हशी आहेत, आणि पूर आला की खरा घोळ तिथंच होतो. बोट दारात येते, घरातली बाया-पोरं बसतात आणि कर्ता माणूस म्हणतो, ‘तुम्ही व्हा पुढं, मी म्हशींपाशी थांबतो.’ त्याला हटवायला मग दुसरी फेरी, तिसरी फेरी. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्याचं घर त्या म्हशीवर चालतं. उपाय एकच, म्हैस माणसाच्या आधी हलली पाहिजे. उंचावरची मोकळी जागा आधी बघून ठेवा, मालकाशी बोलून घ्या, दावी आणि खुंट्या तिथं नेऊन ठेवा, चार दिवसांची वैरण कुठून आणायची ते ठरवा. ओल्या उसाच्या वाड्यावर भागेल म्हणू नका, पुरात वाडं आणायला रानात जाता येत नाही. पाणी पुढं आलं तर निदान दावं सोडायचं ध्यानात असू द्या.

कागदपत्रांचं फार सांगायला नको: आधार, रेशनकार्ड, पासबुक, घरफाळ्याची पावती, लाईटबिल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा, आणि त्यांचे फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवा. निघताना मेन स्विच बंद, रेग्युलेटर काढलेला, सिलिंडर बांधलेलं. इन्व्हर्टरची बॅटरी लोकांना आठवत नाही, ती सगळ्यात आधी वर न्या.

आता ज्यांच्या दारात पाणी येत नाही त्यांचं. मंगळवार पेठेतला किंवा राजारामपुरीतला माणूस म्हणतो, आम्हाला काय? त्याला २०१९ ची आठवण करून द्या. शहराला पाणी देणारा शिंगणापूरचा उपसा पाण्याखाली गेला आणि बाहेर सगळीकडं पाणी असताना नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, गोकुळचं दूध संकलन थांबलं, पेट्रोलला रांगा लागल्या. २०२३ च्या दिवाळीला काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी आलं हे खरं, पण तिथल्या पंपालाही वीज लागतेच. तेव्हा पातळी ३९ ला टेकली की टाकी भरून ठेवा, गल्लीतलं बोअर चालू आहे का ते बघा आणि विहिरीतला कचरा आधीच काढा. टँकर आला तर तो कुठं उभा राहील आणि पाईप कोण धरेल हेही ठरवा. हंड्यावरनं होणारी भांडणं पुराच्या भांडणांपेक्षा जास्त दिवस चालतात.

ज्या मंडळांची मूर्ती शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला सांगितलेली असते, त्यांच्यावर एक जादा काम आहे. पुराचे दिवस आणि मूर्तीवर रंगाचा हात चढायचे दिवस एकच. शाडूची कच्ची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लॅस्टरची भिजून खराब होते, आणि कुंभाराचं वर्षाचं भांडवल तिथंच अडकलेलं असतं. इसार देताना विचारून घ्या: पाणी चढलं तर मूर्ती कुठं हलवणार, टेम्पो कुणाचा, माणसं किती लागतील? मोठी मूर्ती चार जणांनी उचलायची वस्तू नाही, तिला फळ्या, दोर आणि कुंभार सांगेल तसं वागणारी पोरं लागतात. त्या दिवशी मंडळाची पोरं तिथं पाहिजेत. वर्गणीतनं टेम्पोचं भाडं गेलं तर हिशोबात तसं लिहा, कुणी बोलणार नाही.

स्थलांतराची जागा बहुतेक ठरलेली असते. सुतारवाड्याची माणसं चित्रदुर्ग मठात जातात, बाकीच्यांना शाळा आणि हॉल मिळतात. तिथं जेवणाची काळजी करू नका. कोल्हापूरचा माणूस जेवायला घालण्यात कमी पडत नाही. भडंगाच्या पाकिटांचे ढीग लागतात आणि तांबडा रस्साही कुणीतरी घेऊन येतं. कमी पडतं ते वेगळंच: कोरडी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, बायकांना कपडे बदलायला आडोसा, रात्री बाथरूमपर्यंत उजेड. मदत देणाऱ्यांना हीच यादी द्या. स्वच्छतागृहं सकाळ-संध्याकाळ कोण बघणार ते नावानिशी लिहा, आणि सगळी नावं बायकांची लिहू नका.

पूर बघायला येणाऱ्यांचाही बंदोबस्त तयारीतच धरा. पाणी बघायला जाणं ही आपली जुनी हौस आहे, तीत मीही येतो. पण गंगावेशीतनं नदीकडं जाणारा रस्ता गाड्यांनी तुंबला की अग्निशमनची बोट असलेली गाडी मागं अडकते. गल्लीच्या तोंडाला दोर बांधा आणि दोन धिप्पाड पोरं उभी करा. व्हाईट आर्मी (इथलं स्वयंसेवी बचाव पथक) किंवा एनडीआरएफची माणसं आली की त्यांच्यासोबत गल्ली माहीत असलेला एकच माणूस द्या; बोटीत सूचना देणारे जास्त झाले की बोट गोल फिरते.

पाणी उतरल्यावर पहिला झाडू मारायच्या आधी मोबाईल काढा. प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या ओल्या रेघेचा, भिजलेल्या गाद्यांचा आणि फ्रिजचा फोटो घ्या, मगच सामान रस्त्यावर टाका. चिखल ओला असतानाच काढा, सुकला की कुदळ लागते. पायात गमबूट, नसतील तर निदान पायावरची जखम झाकून, आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते. टीसीएल (ब्लिचिंग) पावडर महापालिकेकडनं मागून घ्या आणि टाकी धुतल्याशिवाय नळाचं पाणी पिऊ नका.

पंचनाम्याला माणसं येतील तेव्हा घरात कुणीतरी हजर पाहिजे. सगळ्यात जास्त मार खातात भाडेकरू, कारण घरफाळा मालकाच्या नावावर, लाईटबिल मालकाच्या नावावर आणि भिजलेलं सामान मात्र भाडेकरूचं. भाडेकरार जूनमध्येच करून घ्या. मालक तयार नसेल तर त्याच पत्त्याचं रेशनकार्ड किंवा गॅसचं कार्ड जवळ ठेवा, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी आपलं नाव व सामान त्यात लिहिलंय का ते वाचून बघा. नाव सुटलं असेल तर तिथल्या तिथं लेखी हरकत द्या आणि तिच्यावरही आवक क्रमांक घ्या.