कानातून निसटणाऱ्या इअरबडला मोठं रबर हा उपाय नाही

एप्रिल लागला, घरोघरी कूलर बसले, की माझ्याकडे इअरबड्सच्या तक्रारी सुरू होतात. ‘ताई, काही ऐकूच येऊन नाही राहिलं.’ ‘डावा सारखा पडतो.’ ‘आधी काय बेस होता, आता गेलाच.’ बिघाड त्या आठवड्यातला नसतोच. बडच्या टोकाचं रबर कानाला नीट लागत नव्हतं ते कितीतरी दिवसांपासून. कूलरची घरघर त्या फटीतून आत शिरायला लागली, म्हणून आत्ता कळलं.

२०२० मध्ये माझ्या शिकवण्या ऑनलाइन गेल्या. तेव्हापासून रोज पाच-सहा तास माझ्या कानात बड्स असतात. माझे, घरातल्यांचे आणि सोसायटीतल्या बऱ्याच पोरांचे बड्स मी हाताने साफ केले आहेत. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेला सल्ला हाच सगळ्यात चुकीचा निघाला: ‘सैल होतंय ना, मोठं रबर लावा.’ तो पाळून मी माझा उजवा कान दोन महिने दुखवून घेतला. त्यावर पुढे सविस्तर लिहिते, पण आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखा.

फट आहे की जाळी चोंदली आहे?

हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि लोक ते हमखास एक समजतात. तबल्याचं कुठलंही रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याचा, जाड घुमार गायब आणि उजव्याच्या काठाचा, चाटेचा टणका तेवढा ऐकू येत असेल, तर कान आणि रबर यांच्यात फट आहे. खालचा सूर फटीतून निसटतो, वरचा बऱ्यापैकी पोचतो. बड बोटाने हलकेच आत दाबून पाहा. डग्गा परत आला तर शंकाच नको. उलट एकाच बाजूचा सगळाच आवाज बारीक झालाय, गोधडीखालून आल्यासारखा वाटतोय आणि दाबूनही फरक पडत नाही, तर बडच्या तोंडावरच्या बारीक जाळीत मळ अडकला आहे.

जाळीला हात लावण्याआधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स मधोमध आहे ना, ते बघा. तो चुकून सरकलेला मी अनेकदा पाहिला आहे.

आणखी एक चाचणी चुकवू नका. ज्या बडमधून आवाज कमी येतो, तो दुसऱ्या कानाशी नुसता धरून ऐका. तिथेही कमी असेल तर दोष बडचा. तिथे नीट ऐकू आलं, तर दोष कानात आहे. आमच्या बाबांनी ‘डावा बड गेला’ म्हणून नवी जोडी आणली. नव्या जोडीचाही डावाच ‘गेला’. कानात मळाचा खडा बसला होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो काढला आणि दोन्ही जोड्या ठणठणीत वाजायला लागल्या. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, कान वाहतोय किंवा ठणकतोय, तर बड्स बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रबर धुणं

बुडाशी चिमटीत धरून रबर ओढून काढा. कोमट पाण्याच्या वाटीत भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब टाका, दोन मिनिटं बुडवा, उलटं करून आतून-बाहेरून बोटाने चोळा आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळखळून धुवा. नुसत्या पाण्याने का नाही, तर कानातला मळ तेलकट असतो. त्यात डोक्याला लावलेलं तेल, सनस्क्रीन आणि घाम मिसळला की सिलिकॉनवर एक बुळबुळीत थर बसतो, आणि रबर कानातून घसरतं ते बहुतेक वेळा या थरामुळेच. माप तेच असतं, कानही तोच. ॲपल मात्र एअरपॉड्स प्रोच्या रबरांना साबण लावू नका, नुसत्या पाण्याने धुवा, असं सांगतं. तुमचे ते असतील तर तेच ऐका.

सॅनिटायझर जेल नको, त्याचा चिकट थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर बडच्या आसपासही आणू नका, ॲसिटोनने प्लास्टिक विरघळतं.

वाळवताना घाई करू नका. रबराच्या आतल्या कॉलरच्या, म्हणजे बडवर चढणाऱ्या भागाच्या, घडीत पाणी लपून राहतं. मे महिन्यात दोन तास पुरतात, पावसाळ्यात रात्रभर ठेवा. गच्चीवरच्या उन्हात नाही आणि हेअर ड्रायरखाली तर नाहीच.

जाळी

सुई, टाचणी, सिमकार्डची पिन यातलं काहीही जाळीत घालायचं नाही. माझ्या पहिल्या जोडीची जाळी मी सुईने साफ केली. मळ निघाला असं वाटलं. खरं तर तो आत ढकलला गेला, जाळीला भोक पडलं आणि तो बड कायमचा दबका झाला. फुंकर मारूनही मळ आतच जातो, वर थुंकीचे तुषार बसतात.

बड असा धरा की जाळी खाली, जमिनीकडे राहील. लहान मुलांचा मऊ, कोरडा टूथब्रश खालून हलक्या हाताने गोल फिरवा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडेल. पोस्टर भिंतीला लावायची पुट्टी असेल तर तिची गोळी जाळीवर अलगद टेकवून उचला. दाबून चोळू नका. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं.

घट्ट बसलेल्या मळासाठी ॲपल स्वतः मायसेलर वॉटर सुचवतं, म्हणजे मेकअप पुसायचं ते पाणी. ब्रश त्यात बुडवायचा, बडची जाळी वर धरून पंधरा सेकंद गोल फिरवायचा, लगेच बड उलटा करून टिशूवर टिपायचा. असं तीनदा. मग डिस्टिल्ड वॉटरने ब्रश ओला करून तेच पुन्हा करायचं, आणि निदान दोन तास वाळवायचं. ही रीत त्यांनी त्यांच्या ठरावीक मॉडेल्ससाठी दिली आहे. दुसऱ्या कंपनीच्या बड्सवर ती करण्याआधी त्यांची पुस्तिका वाचा, आणि नाही म्हटलं असेल तर कोरड्या ब्रशवरच थांबा. डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरवेलचं पाणी चालणार नाही. कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो ना, तोच बडच्या बारीक जाळीवर धरेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याची नवी, सीलबंद बाटली घ्या. बॅटरीजवळ उघडी पडलेली बाटली वापरू नका, तिच्यात ॲसिडचा अंश गेलेला असू शकतो.

आता अवघड काम: रबर कानात बसवणं

माझा उजवा कान पहिल्यापासून त्रास द्यायचा. तासाला बसले की दहा मिनिटांत बड हळूहळू बाहेर यायचा. मधल्या मापाचं रबर होतं, ते काढून मोठं लावलं. सुरुवातीला घट्ट वाटलं, म्हणून वाटलं जमलं. पण डग्गा काही येईना, आणि बोलायला लागले की बड पुन्हा निसटायचा. कोणी सांगितलं, रबराखाली टेप गुंडाळ. गुंडाळला. कोणी सांगितलं, रबर ओलं करून घाल. तेही केलं. दोन महिन्यांनी कानाच्या तोंडाशी खाज आणि आग सुरू झाली. डॉक्टरांनी कातडी सोलवटली आहे म्हणून सांगितलं आणि काही दिवस कानात काहीच घालायचं नाही, असं बजावलं.

कान बरा झाल्यावर एक दिवस बाकीची रबरं धुऊन वाळत होती आणि तासाची वेळ झाली. डब्यात उरलेलं, कधीच न वापरलेलं सगळ्यात लहान रबर उजव्या बडला लावलं. पूर्ण दीड तास तो हलला नाही. पलीकडच्या खोलीतला कूलरही ऐकू येईना.

हे असं का झालं, ते समजलं की पुढचं सोपं आहे. कानाची नळी सरळ नसते, ती वळण घेत आत जाते. तोंडाशी वेगळी, आत वेगळी, आणि डाव्या-उजव्या कानाची सारखी असेलच असं नाही. मोठं रबर वळणापर्यंत पोचतच नाही. तोंडाशीच अडतं, कडेला त्याला चुणी पडते आणि त्या चुणीतून हवा जाते. घट्ट वाटतं ते कातडीवरच्या दाबामुळे, फट मात्र तशीच राहते. शिवाय बोलताना, चावताना जबडा हलतो तशी नळी आकार बदलते आणि तोंडाशी अडकलेल्या रबराला बाहेर ढकलते. लहान रबर आतल्या अरुंद भागात पोचतं आणि तिथे सगळीकडून सारखं टेकतं. म्हणून सुरुवात लहानापासून करा आणि एकेक माप वर जा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागलं तर बिनधास्त लावा. माझ्या डाव्या बडला आजही मधलं आणि उजव्याला लहान आहे.

रबर आधी बडवर पूर्ण बसवा. बडच्या नळीच्या टोकाला जी कडा असते, तिच्यावरून कॉलर पार जायला हवी. बडची नळी लंबगोल असेल तर रबरही त्याच दिशेने जुळवा. मग हलकेच ओढून पाहा, निघता कामा नये. अर्धवट बसलेलं रबर बड काढताना कानातच राहतं. तसं झालं आणि ते बोटांच्या चिमटीत सहज आलं नाही, तर चिमटा-पिन काही घालू नका, डॉक्टरांकडे जा.

कान कोरडा हवा. अंघोळीनंतर लगेच नको, अंबाझरी तलावावर फिरून घामाघूम होऊन आल्यावरही नको. उजवा बड बसवायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढा, त्याने नळी थोडी सरळ होते. तोंड किंचित उघडा. बड नाकाच्या दिशेने जरासा कलवून आत न्या आणि थोडा फिरवून त्याची दांडी तोंडाच्या दिशेला आणा. गोल बड असेल तर त्याची नेहमीची बाजू जुळवा. आता पाळी सोडा, तोंड मिटा. सरळ ढकलून बसवलेला बड टिकत नाही. मला ही एक हातोटी शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लोक नेमकी तीच वगळतात.

मग तपासा. ओठ मिटून ‘म्’ असं गुणगुणा. दोन्ही बाजूंनी आवाज डोक्यात सारखाच घुमला पाहिजे. एका बाजूला पातळ वाटला तर फट त्या बाजूला आहे. बाराचा पाढा मोठ्याने म्हणा, म्हणजे जबडा नीट हलेल, आणि पुन्हा गुणगुणा. नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज कमी करायची सोय) बंद ठेवून चालत्या कूलरसमोर उभे राहा. त्याची जाड घरघर उतरलेली कळली पाहिजे. काही बड्सच्या ॲपमध्ये रबर नीट बसलंय का ते सांगणारी चाचणी असते. ती जरूर करा, पण ती स्थिर बसून होते. पाढा त्यानंतर म्हणाच.

लहान रबर लावल्यावर बड काठाला न टेकता आत जातो आणि कसाही फिरवला तरी डग्गा येत नाही, तर एक माप वर जा. बसवल्यावर तो आपोआप हळूहळू बाहेर सरकतो किंवा अर्ध्या तासात कान दुखायला लागतो, तर एक माप खाली या. दुखत असताना सवय होईल म्हणून थांबू नका. सवय होत नाही, जखम होते. कापूस आणि टेप यांपैकी काहीही मध्ये घालू नका, आणि रबर ओलं करून तर मुळीच घालू नका. पावसाळ्यात ओल्या, बंद कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

कुठलंच सिलिकॉन बसत नसेल तर फोमचं रबर वापरून पाहा. ते बोटांत दाबून बारीक करायचं, कानात घालून तीसेक सेकंद धरून ठेवायचं, म्हणजे फुलून जागा भरतं. घरातल्या कामाला उत्तम. पण फोम घाम आणि तेल पितो, नीट धुता येत नाही आणि काही महिन्यांत ढिसाळ होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात चालायला, पळायला मी ते कोणाला सुचवत नाही.

चार्जिंगच्या डबीच्या आतल्या पिना आणि बडवरचे धातूचे ठिपके कोरड्या कापडाने पुसा. घाम तिथेच साचतो, आणि एक बड चार्ज न होण्याचं कारण बहुतेक तेच असतं.

नवं रबर घ्यायचं ते जुनं खरोखर संपल्यावर. डब्यातलं त्याच मापाचं कोरं रबर शेजारी ठेवा. वापरलेल्याचं तोंड फाकलंय, कॉलर ढिली झालीय किंवा धुऊनही चिकट लागतंय, तर बदला. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, घ्यायला जाताना नुसतं जुनं रबर नेऊ नका, डबीसकट बड्स न्या. बाजारातली काही रबरं मूळच्यापेक्षा लांब असतात. मग झाकण नीट लागत नाही किंवा बड पिनांवर टेकत नाही, आणि घरी आल्यावर बॅटरी खराब झाली असं वाटतं. दुकानातच रबर लावा, झाकण बंद करा, आणि फोनवर दोन्ही बड्स चार्ज होताना दिसले की मगच पैसे द्या.