उत्सवातील रोखविरहित व्यवहार: पुण्यातील आयोजकांसाठी मार्गदर्शन

एखाद्या महोत्सवात रोखीशिवाय व्यवहार करायचे ठरले की आयोजकांच्या पहिल्या बैठकीत चर्चा सुरू होते ती कोणते मशीन घ्यायचे याची. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे: ग्राहकाने दिलेला पैसा कोणाच्या खात्यात जमा होणार? गणेशोत्सवात मंडळाची वर्गणी घेताना हे उत्तर सोपे असते, कारण पैसा मंडळाचाच असतो. भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी, जिथे गावोगावचे बचत गट आपापल्या गाळ्यावर खाद्यपदार्थ आणि हस्तकलेच्या वस्तू विकतात, तिथे प्रत्येक गाळ्याचा पैसा स्वतंत्र असतो. तिकीट, खाणेपिणे आणि पार्किंग हे सगळे एकाच संस्थेच्या हाती असलेला संगीताचा मोठा कार्यक्रम हा तिसरा प्रकार झाला. या तिन्ही प्रकारांना एकच व्यवस्था लावायला गेल्यास दुसऱ्या दिवसापासूनच हिशेबाची भांडणे सुरू होतात, आणि त्यांत सर्वांत जास्त नुकसान सोसतो तो रोजच्या विक्रीतून दुसऱ्या दिवशीचा माल भरणारा लहान विक्रेता.

गाळे स्वतंत्र विक्रेत्यांचे असतील, तर पैसा थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काही आयोजक सर्व रक्कम आधी स्वतःच्या खात्यात घेतात, आपला वाटा कापतात आणि उरलेले पैसे उत्सव संपल्यावर वाटतात. विक्रीवर टक्केवारी आकारायची असेल, तर त्यासाठी ही पद्धत कागदोपत्री सोयीची दिसते. परंतु चार दिवसांच्या जत्रेत खेळते भांडवल अडकून पडले की बचत गटातील महिलेला पिठाचे आणि तेलाचे पैसे उसने घ्यावे लागतात. गाळ्याचे भाडे आधी ठरवून वेगळे घ्यावे आणि विक्रीच्या पैशाला हात लावू नये.

मनगटपट्टी केव्हा घ्यावी

मोठ्या संगीत महोत्सवांत प्रेक्षकाच्या मनगटाला चिप असलेली पट्टी बांधतात. तीत आगाऊ पैसे भरायचे आणि काउंटरवरील वाचकयंत्राजवळ काही सेंटिमीटर अंतरावर ती धरली की रक्कम वजा होते. शिल्लक चिपवरच किंवा कार्यक्रमस्थळीच ठेवलेल्या सर्व्हरवर नोंदवलेली असेल, तर मोबाइलची रेंज गेली तरी विक्री थांबत नाही, आणि हाच या पद्धतीचा खरा फायदा आहे. मात्र येथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्या संस्थेने केवळ स्वतःच्याच वस्तू व सेवांच्या खरेदीसाठी दिलेले, रोख परत काढता न येणारे आगाऊ भरणा साधन ‘बंद प्रणाली’चे मानले जाते आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. त्याच पट्टीतून दहा वेगवेगळ्या मालकांच्या गाळ्यांचे पैसे भागवायचे ठरले, की ही सवलत गृहीत धरता येत नाही. तेव्हा अशी साधने देण्याचा अधिकार असलेल्या बँकेला किंवा कंपनीला सोबत घ्यावे आणि करार करण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

पट्टी वापरायचीच असेल, तर उरलेली रक्कम परत कशी मिळेल आणि पट्टी हरवल्यास काय करायचे, या दोन गोष्टी तिकीट विकतानाच लेखी सांगाव्यात. शिल्लक परत करण्यासाठी शुल्क आकारणे किंवा मुदत दोन-तीन दिवसांचीच ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो पैसा प्रेक्षकाचा आहे. पट्टीवर छापलेला क्रमांक प्रेक्षकाच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेला असेल, तर हरवलेली पट्टी बंद करून शिल्लक नव्या पट्टीवर वळवता येते. नोंद नसलेली पट्टी हरवणे म्हणजे पाकीट हरवणे होय.

क्यूआर कोडची तयारी

पुण्यातील बहुतेक उत्सवांना यूपीआयचा क्यूआर कोडच पुरेसा ठरतो. २०१६ साली सुरू झालेली ही पद्धत आज भाजीवाल्यापासून नाट्यगृहापर्यंत सर्वांच्या सवयीची झाली आहे, आणि बँक खात्यातून थेट केलेल्या यूपीआय भरण्यावर, तसेच रुपे डेबिट कार्डावर, १ जानेवारी २०२० पासून विक्रेत्याला व्यापारी शुल्क द्यावे लागत नाही. इतर डेबिट व क्रेडिट कार्डांवर ते लागते, त्यामुळे कार्डाची सोय ठेवताना दर आधी विचारून घ्यावेत.

गाळाधारकाने स्वतःचा वैयक्तिक क्यूआर लावू नये. विक्रेता म्हणून नोंदवलेला घ्यावा. वैयक्तिक कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणा व्यक्तीचे नाव येते, गाळ्याच्या फलकावर मात्र वेगळेच नाव असते, आणि ग्राहक ‘हेच का तुम्ही?’ असे विचारत थबकतो. गर्दीच्या वेळी असा प्रत्येक थबका रांग लांबवतो. शिवाय उत्सवाच्या विक्रीचा आणि घरखर्चाचा हिशेब एकाच खात्यात मिसळून जातो. नोंदणीसाठी ओळखपत्रे, खात्याचा तपशील आणि पडताळणी यांत वेळ जातो, म्हणून किमान तीन आठवडे आधी अर्ज करावा. ग्रामीण भागातून येणाऱ्या विक्रेत्यांना पुण्यात पोहोचल्यावर हे करायला सांगणे योग्य नाही. गाळ्याच्या आरक्षणाबरोबरच ही कागदपत्रे मागवावीत.

छापील कोडवर ग्राहकाला रक्कम स्वतः टाकावी लागते. मशीनच्या किंवा फोनच्या पडद्यावर प्रत्येक बिलासाठी नव्याने तयार होणाऱ्या कोडमध्ये रक्कम आधीच भरलेली असते. त्यामुळे ८० ऐवजी ८ रुपये आले, असे होत नाही आणि रात्री कोणते बिल कोणत्या भरण्याचे हेही कळते. ज्या गाळ्यावर सतत रांग असते तिथे हा दुसरा प्रकार घ्यावा. जिथे दिवसभरात मोजकेच ग्राहक येतात, तिथे छापील कोड आणि पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स पुरे.

रेंजचा प्रश्न

रोखविरहित उत्सव कोलमडतो तो बहुतेक वेळा रेंजमुळे, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. यूपीआयचा एक साधा भरणा होताना ग्राहकाच्या फोनवरून निघालेली सूचना त्याच्या ॲपशी जोडलेल्या बँकेकडे, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे, तिथून ग्राहकाचे खाते असलेल्या बँकेकडे जाते. पैसे वजा झाल्यावर विक्रेत्याच्या बँकेत जमा होतात आणि मग दोन्ही बाजूंना होकार कळतो. बँकांमधील हा प्रवास सहसा काही सेकंदांत होतो. अडते ते पहिले आणि शेवटचे पाऊल, कारण एकाच मोबाइल मनोऱ्यावर हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात. गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर किंवा बुधवार पेठेत उभे राहून फोन लावून पाहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि तरीही काहीच पुढे सरकत नाही.

मैदानातील मोठ्या कार्यक्रमासाठी आयोजकांनी मोबाइल कंपन्यांना तारीख, ठिकाण आणि अपेक्षित गर्दी कळवून चाकांवरील तात्पुरत्या मनोऱ्याची मागणी महिनाभर आधी करावी. ती मान्य होईलच असे धरून चालू नये. स्थळावर केबलचे इंटरनेट घ्यावे आणि त्यावरील एक वायफाय जाळे केवळ गाळ्यांच्या मशीनांसाठी राखून ठेवावे. त्याचा पासवर्ड प्रेक्षकांपर्यंत पोहोचला की त्याचा उपयोग संपला. ग्राहकांसाठी पैसे भरण्याच्या जागी वेगळे वायफाय देता आले तर उत्तमच. साउंडबॉक्समध्ये स्वतःचे सिमकार्ड असते, त्यामुळे सगळ्या गाळ्यांना एकाच मोबाइल कंपनीचे सिम असलेली उपकरणे देऊ नयेत. निम्म्यांत एका कंपनीचे आणि निम्म्यांत दुसऱ्या कंपनीचे सिम असावे. आदल्या दिवशी रिकाम्या मैदानावर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. त्याच ठिकाणी आधी झालेल्या एखाद्या गर्दीच्या कार्यक्रमात जाऊन, कोणत्या कोपऱ्यात भरणा होतो आणि कुठे अडकतो, हे प्रत्यक्ष पाहावे आणि पैसे घेण्याची काउंटरे त्यानुसार मांडावीत.

प्रेक्षकांना आधी पाठवायच्या सूचनेत यूपीआय लाइटचा उल्लेख अवश्य करावा. त्यात फोनवरच थोडी रक्कम भरून ठेवता येते, कमाल ५,००० रुपये, आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा भरणा पिन न टाकता होतो. प्रत्येक चहा-भजीसाठी ग्राहकाच्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जावे लागत नसल्याने बँकेची बाजू संथ असली तरी भरणा होण्याची शक्यता वाढते. दुकानातील सर्वसाधारण वापरात त्यालाही इंटरनेट लागते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. पैसे घरूनच भरून यावे, असे स्पष्ट लिहावे. फाटकापाशी आल्यावर ते भरताना पुन्हा तीच रेंज आडवी येते.

आवाजाचाही विचार करावा. ढोल-ताशा पथकाच्या शेजारच्या गाळ्यावर साउंडबॉक्स काय बोलला ते कोणालाच ऐकू येत नाही. अशा ठिकाणी पडदा असलेले उपकरण घ्यावे, आणि ते विक्री करणाऱ्याला दिसेल असे ठेवावे.

स्पर्शविरहित कार्ड

बँकेच्या कार्डावर लहरींची खूण असेल, तर ते मशीनजवळ धरून ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय देता येते. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २,००० वरून वाढवली गेली. अनेकांच्या कार्डावर ही सोय बंद असते आणि ती बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावी लागते, म्हणून हेही आगाऊ सूचनेत लिहावे. कार्ड ग्राहकाच्या हातातच राहावे; मशीन त्याच्यापुढे करावे आणि कार्ड जवळ नेण्यापूर्वी त्याला रक्कम वाचू द्यावी. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या ठिकाणी, जिथे ज्येष्ठ रसिकांची उपस्थिती मोठी असते, तिथे फोनमधील लहान अक्षरांपेक्षा कार्ड पुष्कळांना सोपे जाते. पुणे मेट्रोने येणाऱ्यांपैकी काहींकडे ‘एक पुणे’ कार्ड असते. ते राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डाच्या प्रकारातील असल्याने कार्डावरच पैसे साठवता येतात, परंतु ते स्वीकारणारे मशीन आपल्या पुरवठादाराकडे आहे का, याची खात्री केल्याशिवाय तशी जाहिरात करू नये.

काउंटरवरची शिस्त

काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला एक नियम पाठ असावा: पैसे मिळाल्याची खात्री आपल्याच उपकरणावर करायची. ग्राहकाच्या फोनवरील हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नये, कारण हुबेहूब तसाच पडदा दाखवणारी बनावट ॲप आहेत. हे सांगताना सूर संशयाचा नसावा. ‘आमच्याकडे अजून आले नाहीत, एक मिनिट थांबता का?’ एवढे पुरेसे असते. मूळ क्यूआरवर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याचा प्रकारही घडतो. म्हणून दर सकाळी आणि दुपारी स्वतः एक रुपया पाठवून नाव तपासावे. ‘पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी विक्रेत्याला सांगितले, तर ती फसवणूक आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

‘माझे पैसे कट झाले, पण यांना आले नाहीत’ हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येईल, आणि त्यासाठी मदतकक्षावर एक जाणकार व्यक्ती बसलेली असावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या निर्देशांनुसार दुकानदाराला केलेला यूपीआय भरणा असा अडकला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी आणि उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई मिळायला हवी. ग्राहकाला व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक दाखवून तो जपून ठेवायला सांगावे आणि मदतकक्षाच्या वहीत वेळ व रकमेसह नोंदवावा. लहान मुलाच्या हातातली बर्फाच्या गोळ्याची काडी परत घेण्याची वेळ कोणत्याही विक्रेत्यावर येऊ नये. अशा किरकोळ रकमांसाठी आयोजकांनी थोडा निधी राखून ठेवावा आणि विक्रेत्याचे नुकसान त्यातून भरून द्यावे. परतावा द्यायचा असल्यास तो विक्रेत्याच्या ॲपमधून मूळ व्यवहारावरच द्यावा. त्या जागी रोख दिल्यास रात्री हिशेब जुळत नाही.

रोखीसाठी एक खिडकी

रोख पूर्णपणे बंद करू नये. शाळकरी मुले, फोन न वापरणारे ज्येष्ठ, बॅटरी संपलेले तरुण आणि पालखीच्या मुक्कामात येणारे वारकरी यांना केवळ पैसे देण्याची रीत जमत नाही म्हणून उपाशी परत पाठवणे उत्सवाला शोभत नाही. मध्यवर्ती जागी एक खिडकी ठेवावी, तिथे रोख घेऊन कागदी कूपन द्यावे आणि रात्री गाळेधारकांनी ती कूपने जमा करून त्याच दिवशी पैसे न्यावेत. खिडकीवर १० आणि २० रुपयांच्या नोटांचे सुट्टे भरपूर असावे. साध्या फोनवरून यूपीआय १२३ पे किंवा *९९# वापरणारे थोडेच भेटतात. मदतकक्षातील व्यक्तीला त्याची माहिती असली म्हणजे झाले.

वर्गणी आणि रोजचा हिशेब

मंडळाच्या वर्गणीचा कोड मंडळाच्या नोंदणीकृत नावाच्या खात्याचाच असावा, अध्यक्षांच्या किंवा खजिनदारांच्या नावाचा नसावा. देणगीदाराला पावती लगेच द्यावी आणि तिच्यावर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहावा, म्हणजे वर्षअखेरीस पावतीपुस्तक आणि बँकेचे विवरण ओळीला ओळ लावून तपासता येते. ज्या संस्थेच्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते, तिथे २,००० रुपयांपेक्षा अधिकची रोख देणगी त्या सवलतीस पात्र ठरत नाही, हेही देणगीदाराला सांगणे उपयोगी पडते.

प्रत्येक रात्री गाळा बंद करण्यापूर्वी उपकरणावरील दिवसाची बेरीज, बिलांची बेरीज आणि कूपनांची बेरीज शेजारी-शेजारी लिहावी. अनेक पुरवठादार विक्रीची रक्कम दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात जमा करतात. सुट्ट्या लागून आल्या तर काय होते, हे करारात पाहून घ्यावे, कारण उत्सव नेमके सुट्टीतच असतात. समारोपाच्या दिवशी भाड्याची मशीने क्रमांकानुसार मोजून परत करावीत, आपल्या उत्सवापुरते काढलेले कोड बंद करावेत, खांबांवर आणि मांडवात चिकटवलेले छापील कोड फाडून टाकावेत, आणि मदतकक्षाची वही किमान पुढचे पंधरा दिवस एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवून तिचा संपर्क क्रमांक गाळेधारकांना देऊन ठेवावा.