पाण्याकाठी स्वतःचा डॉक बांधताय? मग या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाणी एकदाच बघून डॉकची, म्हणजे बोट लावायच्या फळ्यांच्या धक्क्याची, उंची ठरवणं. आपण जागा बघायला जातो तेव्हा पाणी असतं शांत, वाटतं दोन फूट वर फळ्या टाकल्या की झालं. मग पाणी चढतं आणि लाटा फळ्यांना खालून धडका द्यायला लागतात. वरून वजन आलं तर फळी सहन करते, पण खालून उचलली गेली की स्क्रू उपसून येतात. आणि पाणी उतरलं की बोट चिखलात. म्हणून वर्षातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पातळी आधी काढा, काठच्या दगडांवर, जुन्या खांबांवर शेवाळाच्या आणि डागांच्या रेषा असतात त्या बघा, तिथे वर्षानुवर्षं बोट चालवणाऱ्यांना विचारा.

फरक फार असेल तर खांबांवरच्या डॉकचा हट्ट सोडा, तरंगता घ्या. पण त्याचा रॅम्प, म्हणजे काठावरून डॉकवर उतरायची उतरती वाट, आखूड ठेवू नका! पाणी १ मीटर उतरलं तर ३ मीटरच्या रॅम्पला जवळजवळ १९ अंशांचा उतार येतो, ओल्या पायांनी ती घसरगुंडीच, तोच ६ मीटरचा केला तर १० अंशांच्या आत राहतो. काठाकडचं टोक बिजागरीवर, डॉककडचं चाकांवर मोकळं. दोन्हीकडे बोल्ट आवळले तर पाणी हलल्यावर काहीतरी वाकणारच. खाली उघडा थर्माकोलही नको, तो तुटून पाण्यात पसरतो, बंद प्लास्टिकचे फ्लोट घ्या.

आता स्क्रू. इथे मी स्वतः माती खाल्लीये. ट्रीटमेंट केलेल्या, म्हणजे कुजू नये म्हणून औषध दिलेल्या लाकडात साधे चकचकीत झिंकवाले स्क्रू मारले, थोड्याच दिवसांत प्रत्येक डोक्याभोवती काळा ओघळ, आणि एक काढायला गेलो तर डोकं हातात, दांडा आत. अशा लाकडात बरेचदा तांबं असतं, ते साध्या लोखंडाला खातं. जाड थराचं हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) किंवा स्टेनलेस वापरा, खाऱ्या पाण्यात स्टेनलेस घेतलं तर ३१६ ग्रेडचंच, आणि दोन्ही मिसळू नका, ओलाव्यात गॅल्व्हनाइज्ड आधी झिजतं. लाकूड कापलं की त्या टोकाला परत औषध लावायचं, हे सगळेच विसरतात.

डॉक हलतोय? आधी बोल्ट आणि तिरक्या पट्ट्या बघा, त्या घट्ट असूनही हलत असेल तर खांबाच्या बुडाची वाळू वाहून गेली असेल. खांब वरून धडधाकट दिसला तरी पाण्याच्या रेषेजवळ स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, जिथे ओलं आणि हवा दोन्ही मिळतं तिथेच तो आधी कुजतो.

परवानगीचं एकच सांगतो, काठ तुमचा म्हणून पाण्याखालची जमीन तुमची असेलच असं नाही, खांब रोवायच्या आधी विचारा.

आणि लाइट लावणार असाल तर वायरिंग स्वतः करू नका. ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. करंट पाण्यात उतरला तर गोड्या पाण्यात धोका जास्त, कारण त्या पाण्यापेक्षा आपल्या अंगातून करंट सहज जातो. पोहताना झिणझिण्या आल्या तर शिडीला हात न लावता डॉकपासून लांब जायचं, आणि काठावरच्याने वाचवायला उडी न मारता आधी मेन स्विच पाडायचा.