आबांच्या डिस्चार्ज बुकात नसलेलं 'पूर्वी स्टार' पदक : नोंद दुरुस्त करून घेताना

आबा सैन्यात ड्रायव्हर होते. १९६७ ला भरती, १९८२ ला पेन्शनवर घरी. त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी कागद शोधताना मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. पदकांच्या रकान्यात तीनच नोंदी : सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. मी विचारलं, "आबा, एकाहत्तरचं काही नाही यात?" ते म्हणाले, "नाव राहिलं असेल. तिथं तर होतोच की मी."

होतेच. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांना गाडीसकट एका पायदळ पलटणीला जोडून दिलं होतं. पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या बाजूला दारूगोळा वाहायचा आणि परतताना जखमी आणायचे. ३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्धाला तोंड फुटलं, ११ तारखेला जमालपूर पडलं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. या सगळ्या काळात आबा मूळ युनिटपासून लांब होते, आणि गडबड तिथेच झाली असं मला वाटतं. जोडून दिलेल्या माणसाचं नाव पदकांच्या यादीत मूळ युनिटनं घालायचं की पलटणीनं, यात दोघांनाही दुसऱ्यानं घातलं असेल असं वाटू शकतं. हातानं लिहिलेल्या याद्यांचा तो काळ. आबांच्या कोअरचं, म्हणजे सैन्यातल्या त्यांच्या शाखेचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला कुणाकडे बोट दाखवायचं नाही. तुमच्या घरचे आजोबा ड्रायव्हर, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी असे कुठे जोडून दिलेले असतील, तर त्यांचं पुस्तक आजच उघडून बघा.

आधी कोणतं पदक राहिलंय ते ठरवा. शौर्यपदक आणि मोहिमेचं पदक यांत मोठा फरक आहे. वीर चक्र किंवा सेना मेडल शिफारशीवरून मिळतं आणि ते भारताच्या राजपत्रात छापून येतं. राजपत्रात नाव नसेल तर रेकॉर्ड दुरुस्तीच्या अर्जानं ते मिळत नाही. त्या वाटेला जाऊन म्हाताऱ्या माणसाच्या मनात खोटी आशा लावू नका. नाव छापलेलं असेल आणि पुस्तकात नसेल, तर राजपत्राची प्रत हाच पुरावा. मोहिमेच्या पदकाला शौर्याची शिफारस लागत नाही, ठरलेल्या काळात, आणि बहुतेक पदकांसाठी ठरलेल्या भागात, सेवा झालेली लागते. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार (पूर्व आघाडी) किंवा पश्चिमी स्टार (पश्चिम आघाडी) आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. आबांची पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल ही दोन राहिली होती. या पदकांना महिन्याचा भत्ता नसतो, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता खरी मेख. डिस्चार्ज बुक हा मूळ कागद नव्हे. मूळ नोंद असते शीट रोलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात राहणाऱ्या सैनिकाच्या सेवेच्या कागदात, आणि तिथली नोंद पार्ट टू ऑर्डर, म्हणजे बदली, जोडणी, पदक अशा गोष्टींचा लेखी आदेश निघाल्यावर होते. मग तीन शक्यता उरतात. शीट रोलमध्ये पदक आहे, फक्त पुस्तकात उतरवायचं राहिलं : हे सगळ्यात सोपं. नोंद आहे पण पदक हातात पडलंच नाही : तेही जमतं. नोंदच नाही : मग पुरावे लागतात. आपली गोष्ट यांपैकी कोणती हे कळल्याशिवाय "पदक द्या" असा अर्ज करू नका.

त्यासाठी माहितीच्या अधिकारात शीट रोलची साक्षांकित प्रत मागा. अर्ज ज्याची सेवा त्याच्याच नावानं आणि सहीनं करा, म्हणजे खासगी माहितीचा प्रश्न येत नाही. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरनं किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर. उत्तराची मुदत ३० दिवस. मी एवढंच मागितलं होतं : शीट रोलच्या सर्व पानांची प्रत, आणि ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ या काळातल्या बदली, जोडणी व पदकांबाबतच्या पार्ट टू ऑर्डरींच्या प्रती. काळ असा नेमका लिहिला की शोधणाऱ्यालाही सोपं जातं.

अर्ज त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (सैन्यातले इंजिनिअर) पुण्यात खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (गाड्या व यंत्रांची दुरुस्ती करणारी कोअर) सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीत सुब्रतो पार्क. अधिकाऱ्यांचे कागद मात्र दिल्लीत सेना मुख्यालयाकडे असतात.

आबांच्या शीट रोलमध्ये पलटणीला जोडल्याची नोंद होती. पदकाची नव्हती. म्हणजे आमची तिसरी शक्यता.

पुरावा कुठे सापडला? आईच्या ट्रंकेत. आबांनी पाठवलेली अंतर्देशीय पत्रं तिनं लोकरीच्या धाग्यानं बांधून ठेवली होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पलटणीचं नाव आणि ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस). हा पत्ता पूर्वेकडच्या सैन्याचा, पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे ५६ एपीओ असायचा. त्यावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का डिसेंबर १९७१ चा. मजकूर होता बैलाच्या खुराचा आणि धाकट्या काकाच्या शाळेच्या फीचा, लढाईचं अवाक्षर नाही. पण शिक्क्यानं काम केलं. जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, रुग्णालयाचे कागद, छातीवरच्या फिती दिसणारे फोटो यांतलं काही फेकू नका. घरात एखादं पदक असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव भिंगानं वाचून लिहून ठेवा.

दुसरा पुरावा सोबतच्या सैनिकाचं प्रतिज्ञापत्र. आबांबरोबर त्याच ताफ्यात असलेले एक हवालदार कराडजवळ राहतात. त्यांच्या पुस्तकात पूर्वी स्टार आहे. प्रतिज्ञापत्रात "हा शूर होता, चांगला होता" असलं काही लिहू नका, त्याचा इथे उपयोग नाही. लिहायचं ते असं : माझा नंबर अमुक, हुद्दा अमुक, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही दोघं अमुक पलटणीला जोडलेले होतो, मी त्यांना तिथे पाहिलं. सोबत त्यांच्या पुस्तकातल्या पदकांच्या पानाची प्रत. आणि हे आधी उरका. एकाहत्तरचे साक्षीदार आता सत्तरीच्या पुढे आहेत. आम्ही आणखी एकांकडे जाणार होतो, त्यांच्या घरी पोचलो तेव्हा ते जाऊन चार महिने झाले होते.

आमचा पहिला अर्ज परत आला, कारण मी नाव आधारवरचं लिहिलं होतं. रेकॉर्डमध्ये आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं आहे. नाव, नंबर, हुद्दा पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकात आहे तसंच, अक्षर न अक्षर उतरवा. आधारशी फरक असेल तर "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र वेगळं जोडा.

दुसऱ्या अर्जात मागण्या सुट्या करून लिहिल्या. एक, सोबतच्या पुराव्यांवरून पात्रता तपासावी. दोन, पात्र ठरल्यास पार्ट टू ऑर्डर काढून शीट रोलमध्ये नोंद करावी. तीन, डिस्चार्ज बुकात नोंद करून साक्षांकित करावी. चार, पदकं द्यावीत. पाच, पात्र नसल्यास कारण लेखी कळवावं. हे पाचवं कधी गाळू नका, पुढची प्रत्येक पायरी त्या लेखी कारणावर उभी राहते. मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि पाठवण्याआधी पानन् पान स्कॅन करायचं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नेला तर तिथले शिपायापासून कल्याण संघटकापर्यंत बहुतेकजण माजी सैनिक असतात, त्यांना पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एक प्रत स्वतः स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती कागदाला टाचून ठेवा. मधल्या माणसाला पैसे देऊ नका. या सगळ्यात आमचा खर्च झाला तो झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं आणि पोस्टाचा.

सैनिक हयात नसेल तर पत्नीनं अर्ज करावा, तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ आणि मृत्यूचा दाखला जोडून. ती नसेल तर मुलांनी वारस असल्याच्या कागदासह. नोकरी लवकर सोडलेल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांची सेवापत्रं ठरावीक वर्षांनी नष्ट होतात, पण लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची कायम ठेवली जाणारी नोंद, राहतो. "कागद नाहीत" असं उत्तर आलं तर लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत मागा.

नकार आला, तर? माहिती नाकारली असेल तर ३० दिवसांत पहिलं अपील. पदकच नाकारलं असेल तर लेखी कारण वाचून, नवा पुरावा जोडून वरच्या कार्यालयाकडे पुन्हा अर्ज. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत जायचं असतं. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज लागतो, आणि इथे वकील घ्यावा असं माझं मत आहे.

बाजारात पूर्वी स्टारसारखं दिसणारं पदक विकत मिळतं. भावानं ते आणायचं म्हटलं होतं, शाळेच्या झेंडावंदनाला लावता येईल म्हणून. आबांनी हात जोडले. "कागदावर नाही ते अंगावर नको," म्हणाले. कुणी कितीही प्रेमानं सुचवलं तरी हे करू नका.

चौदा महिन्यांनी पत्र आलं. दोन्ही नोंदी झाल्या, पुस्तकाच्या त्या पानावर शिक्का आणि सही आहे. पदकं अजून यायची आहेत, नोंद होणं आणि पदक हातात पडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दर तीन महिन्यांनी मी जुन्या पत्राचा क्रमांक आणि तारीख वर लिहून एक छोटं स्मरणपत्र टाकते. पुढचं जूनमध्ये जाईल. तोवर आबांनी पुस्तक पेटीतून काढून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय, आणि कुणी भेटायला आलं की चष्मा लावून ते पान स्वतः उघडून दाखवतात.