माती एकदाच कालवायची: इंदूरच्या गच्चीवर न खणता भाजी, त्याची तयारी

दर हंगामाला कुंडी उपडी करायची, माती उन्हात पसरायची, जुनी मुळं वेचून काढायची आणि सगळं पुन्हा भरायचं, अशी आपल्या घरांमधली रीत आहे. न खणण्याच्या पद्धतीत माती एकदाच कालवतात. पुढे कित्येक वर्षं तीच पिशवी आणि तीच माती, वरून फक्त खत आणि आच्छादन. एकदा रोप लागलं की आत हात घालायचा नाही, म्हणून सगळा विचार आधी करावा लागतो. नवरात्रात टोमॅटो, वांगी, मिरची लावायची असेल तर माती श्रावणात कालवून मुरायला ठेवलेली हवी, आणि तिच्यात जाणारा पालापाचोळा त्याआधीच्या फाल्गुनात गोळा केलेला हवा. उशीर झाला असेल तर यंदा थांबा, पण मुरवण्याचे आठवडे कापू नका.

पहिलं काम गच्चीचं. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर भारतीय मानकांत दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरलेला असतो. अठरा बाय अठरा इंचांच्या गोल ग्रो बॅगेत साठेक लिटर मिश्रण बसतं आणि ओलं झालं की तिचं वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जातं. म्हणजे एका चौरस मीटरवर अशी एकच बॅग, फार तर दोन, आणि त्याही बीमवर किंवा खाली भिंत असेल त्या कडेला. रामबाग, लोकमान्य नगरच्या बाजूला जुनी घरं पुष्कळ आहेत. अशा घरात राहत असाल तर आधी इंजिनिअरला विचारा आणि तोवर तळमजल्याचं अंगण वापरा. बॅगा थेट फरशीवर टेकवू नका. खाली दोन-दोन विटा किंवा जाळीदार स्टँड असला की पाणी साचत नाही, वॉटरप्रूफिंग टिकतं आणि मे महिन्यात स्लॅबची धग थेट मुळांना लागत नाही.

या पद्धतीला लहान कुंडी चालत नाही. आठ-दहा इंचांच्या कुंडीत ओल आणि तापमान दिवसातून इतकं वरखाली होतं की आतली सूक्ष्मजीवांची वस्ती टिकत नाही. खोली निदान पंधरा इंच धरा. जाड कापडी बॅग मिळाली तर उत्तम, कारण कडेने हवा लागते आणि मुळं गोल गोल गुंडाळली जात नाहीत. प्लास्टिकची घेतलीत तर पांढरी घ्या. तळाला खडी किंवा विटांचा थर घालायची सवय मात्र सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते वरच अडकतं, आणि ओलाचिंब पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर एखादी खापरी पुरते.

आता खत. याबाबतीत इंदूरकरांनी थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर 1924 नंतर इथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली, आजचं कृषी महाविद्यालय तेच. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचून कंपोस्ट करायची पद्धत बसवली आणि 1931 मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. हॉवर्ड यांचं नाव सगळीकडे येतं, वाडांचं अजून आपल्याच घरांत माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. त्या पद्धतीत ढीग तीन वेळा उलटतात आणि तीन महिन्यांत खत तयार होतं. सगळी उलटापालट ढिगातच उरकून घ्यायची, कुंडीत नाही.

घरी हेच छोट्या प्रमाणावर करा. फाल्गुन-चैत्रात पिंपळ, कडुनिंब, देशी बदाम यांची पानं रस्त्यावर पडलेली असतात. ती पोत्यात भरा, पाणी शिंपडा, थोडा स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळा आणि सावलीत ठेवा. गणपतीचं निर्माल्य पुढच्या ढिगाला जातं. शहरातल्या ओल्या कचऱ्याची मोठी सोय आहेच, देवगुराडियाला 2022 मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी (कचऱ्यापासून गॅस) प्रकल्पाची सुरुवातीची क्षमताच रोज 550 टनांची होती. पण ज्याची गच्चीवर बाग आहे त्याने आपला ओला कचरा घरीच जिरवावा, असं मला ठामपणे वाटतं. बाजारातून कंपोस्ट आणलंत तर आधी चाळा. काचेचा बारीक तुकडा किंवा प्लास्टिकची चिंधी एकदा आत गेली की या पद्धतीत ती पुन्हा निघत नाही. गांडूळखत मूठभर घेऊन नाकाशी धरा: जंगलातल्या मातीसारखा वास यायला हवा. अमोनियाचा उग्र दर्प आला तर ते कच्चं आहे, परत करा.

एका बॅगेचा हिशेब असा. वीस लिटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेल्या पानांचं खत, वीस लिटर कंपोस्ट आणि गांडूळखत मिळून, आणि वीस लिटर हवा खेळती ठेवणारं काहीतरी. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे तिच्यात तीन बॅगा निघतात. पण आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन क्षार काढा. हवेसाठी अर्धं भाताचं तूस चालतं, अर्धं मात्र न कुजणारं हवं: परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे), किंवा पक्क्या विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे. दोन वर्षांत तूस कुजून बसेल, तेव्हा माती मोकळी ठेवायला हेच तुकडे उरतात. विटा स्वस्त पण जड, परलाइट हलकं पण महाग. गच्ची पाहून ठरवा.

मालव्याची काळी माती फक्त अर्धं घमेलं. ती भिजली की फुगते, वाळली की आवळते आणि भेगाळते. शेतात ती सोनं आहे. बॅगेत जास्त झाली तर दगड. पण थोडी हवीच, कारण अन्नद्रव्यं धरून ठेवायची तिची ताकद कोकोपीटमध्ये नाही. ही माती आधीच अल्कधर्मी असते, बोअरचं पाणीही बहुधा जड, म्हणून यात चुना किंवा चुलीची राख मुळीच घालू नका; लोह अडकतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात.

वर एका बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ मोहरीची पेंड, दोन मुठी जिप्सम आणि दोन-तीन तांबे भरून दगडाचा चुरा. पेंड पशुखाद्य किंवा बी-बियाण्यांच्या दुकानात मिळते. इथे ‘नीम खली’ म्हणून मागा. दगडाच्या चुऱ्यासाठी महागडं पाकीट नको. आपलं पठारच बसाल्टचं आहे, त्यामुळे क्रशरवरची राखाडी चुरी म्हणजे बसाल्टचीच भुकटी. बांधकामाच्या वाळूत मिसळलेली नसेल एवढं पाहा. हाडांचं खत मी गच्चीवर सुचवत नाही, उंदीर आणि मांजरं उकरत बसतात.

सगळं ताडपत्रीवर कोरडं कालवा, मग पाणी शिंपडत जा. मुठीत दाबल्यावर घट्ट गोळा व्हावा, बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, आणि अंगठ्याने टोचताच गोळा फुटावा. चिखलासारखा चिकटून राहिला तर कोरडं तूस घाला. बॅगा भरून झाल्या की चार ते सहा आठवडे मुरू द्या. पेंडीमुळे पहिल्या काही दिवसांत आतून ऊब जाणवते; कोपरापर्यंत हात घालून ती पूर्ण निवल्याची खात्री होईपर्यंत रोप लावू नका. श्रावण-भाद्रपदातल्या पावसात उघड्या ठेवल्या तर सगळं सत्त्व वाहून जाईल, म्हणून वर पत्रा किंवा तिरकी ताडपत्री, बाजूने हवा मोकळी.

ऊब गेली की मूठभर गांडुळं सोडा आणि मेथी, मूग किंवा चवळी पेरा. ही पिकं खायला नाहीत, मातीला मुळं मिळावीत म्हणून आहेत. वीतभर वाढली की जमिनीलगत कात्रीने कापून तिथेच पाडा. त्यावर दोन-तीन इंच गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचं कुटार. उघडी माती दिसता कामा नये.

टोमॅटो-वांग्याची रोपं ऑगस्टच्या मध्याला ट्रेमध्ये टाका. लावताना मुळांनाच मायकोरायझाची भुकटी लावा. वरून शिंपडून उपयोग नाही. ही बुरशी मुळांशी जोडली जाऊन धाग्यांचं जाळं पसरवते आणि स्फुरद आणून देते. खणताना हेच जाळं तुटतं. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, पालक यांची मात्र तिच्याशी गट्टी जमत नाही, त्यांच्यासाठी हा खर्च करू नका.

पीक संपल्यावर रोप उपटायचं नाही, बुंध्याशी कापायचं. मुळं आत कुजतात आणि त्यांच्या वाटांनी पुढच्या पिकाला पाणी आणि हवा मिळते. मुळांवर गाठी दिसल्या किंवा झाड मर रोगाने गेलं तर मात्र मुळासकट काढा, ती माती भाजीला वापरू नका. टोमॅटोनंतर लगेच वांगं-मिरची नको, घेवडा किंवा चवळी घ्या. दर हंगामाला वरून दोन इंच कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड, आच्छादन बाजूला सारून, मग पुन्हा झाकून.

उन्हाळ्याची तरतूदही आत्ताच करा. इंदूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवर खतातली गांडुळं पस्तिसाच्या पुढे तग धरत नाहीत. एप्रिल ते जून 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी लागेल, तिचे खांब आधीच रोवून ठेवा. पीक नसलं तरी त्या महिन्यांत मातीची ओल टिकवायची. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत घेत नाही, कडेने सोडून देतं.

नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन बरंच उडून जातं. साठ लिटरच्या बॅगेला एका वेळी तीन-चार लिटर, तेही हळू, म्हणजे खालून फारसं गळणार नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पाण्याची वेळ आणि मात्रा सारखी ठेवली नाही तर टोमॅटोचा खालचा भाग काळा पडतो, कॅल्शियम मातीत असूनही. रोप लावून झालं की बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, बाकी सगळीकडे भुसा सारखा करा.