मुलांना घेऊन 'मोफत प्रवेशा'च्या दिवशी लेणी-संग्रहालयं बघताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच निरोप फिरायला लागतो: '१८ एप्रिल, जागतिक वारसा दिन, पांडवलेणीला प्रवेश मोफत, मुलांना घेऊन चला.' मे महिन्यात १८ तारखेला संग्रहालय दिनाचा फिरतो, नोव्हेंबरात वारसा सप्ताहाचा. पांडवलेणी म्हणजे नाशिकजवळच्या डोंगरात कोरलेली चोवीस जुनी बौद्ध लेणी. मग सगळं नाशिक एकाच दिवशी, एकाच वेळी तो डोंगर चढायला लागतं. दहाएक वर्षं मी आमच्याकडच्या पोरांना अशा ठिकाणी नेते आहे. दरवर्षी तीच माणसं त्याच चुका करताना दिसतात.

पहिली चूक म्हणजे मुलांसाठी मोफत दिवसाची वाट बघणं. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना वर्षभर तिकीट नसतं. मोफत दिवशी वाचतं ते फक्त तुमचं, मोठ्यांचं तिकीट, आणि तेही किरकोळ. त्यासाठी एप्रिल-मेच्या उन्हात लेकरांना दोनशेच्या घरातल्या पायऱ्या चढायला लावायच्या? मोफत दिवसच साधायचा असेल तर वारसा सप्ताहाचा पहिला दिवस, १९ नोव्हेंबर साधा. हवा छान असते, डोंगर अजून थोडा हिरवा असतो. खात्याची त्या वर्षीची घोषणा तेवढी आदल्या दिवशी बघून घ्या.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. फुकट आहे ना, मग एका दिवसात सगळं उरकू, असं मला वाटलं होतं. त्या १८ मेला माझ्यासोबत बहिणीची दोन आणि शेजारची तीन मुलं होती. सकाळी लेणी, दुपारी पायथ्याचं फाळके स्मारक, संध्याकाळी आंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय असा बेत. आवरून निघेपर्यंत साडेदहा वाजले. वर पोचलो तेव्हा दगड तापलेला, पाच पोरांत पाण्याच्या दोन बाटल्या, त्याही अर्ध्या. मी मात्र 'चला, पुढचं लेणं, चला' करत हाकत होते. तिसऱ्या लेण्यापाशी सहा वर्षांची भाची खाली बसली ती उठेचना. चेहरा लालबुंद, हात गार. ओला रुमाल डोक्यावर ठेवून अर्धा तास सावलीत बसवलं, मग कडेवर घेऊन पायऱ्या उतरले. पुढचं सगळं रद्द. ती भीती अजून गेलेली नाही.

त्या अर्ध्या तासात एक गोष्ट मात्र झाली. बाकीच्या चौघांना कुठे पळता येईना, म्हणून ती समोरचीच भिंत बघत बसली. ओसरीचा चौथरा खांद्यावर पेलणारे यक्ष त्यांनी मोजले. कुणाचा चेहरा दमलेला, कुणाचा रागावलेला, यावर भांडण झालं. इतका वेळ एका जागी ती तोवर बसली नव्हती. तेव्हापासून माझा नियम ठरला: एका दिवसात एकच ठिकाण, त्यातही दोन किंवा तीनच लेणी. सकाळी आठच्या आत पायथ्याशी, ऊन तापायच्या आत खाली. कुणी म्हणतं, एवढ्या लांब येऊन चोवीसही बघायची नाहीत का? नाही बघायची. उरलेली कुठे जात नाहीत.

तिसरी चूक ऐकली की माझा जीव तुटतो. 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' असं सांगून विषय संपवणं. मूल लगेच पुढे जातं, कारण विचारायला काही उरतच नाही. खऱ्या माणसांची नावं तिथे भिंतीवर कोरलेली आहेत. दहावं लेणं शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचं. त्यानं ३,००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली, असं लेख सांगतो. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडवरचं. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. पाचवी-सहावीतल्या मुलाला तिथेच गणित घाला. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. गेल्या खेपेला आमच्या एका पोरानं बोटांवर हिशेब केला आणि ओरडलाच, 'मावशी, जुळलं!'

लिपी वाचता येत नाही म्हणून अडू नका. ब्राह्मीतला 'क' बेरजेच्या चिन्हासारखा असतो, खालची रेघ जरा लांब. 'क शोधा' एवढंच सांगा. बोट मात्र दगडापासून वीतभर लांब, हवेत फिरवायचं. हात लावायचा नाही, यात माझ्याकडे सूट नाही.

मग गोष्ट पुढे न्या. नहपानाला हरवलं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं, आणि त्याची आई गौतमी बलश्री हिनं तिसऱ्या लेण्यात लेकाचा पराक्रम कोरून ठेवला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची १३,००० हून जास्त नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. अशा नाण्याचा मोठा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवते. डोंगराच्या चिन्हाखालून जुन्या राजाचं नाक डोकावताना दिसलं की मुलं मोबाइल सोडत नाहीत. आंजनेरीला न्यायचं ते यानंतर, दुसऱ्या एखाद्या दिवशी. तोवर त्यांच्या डोक्यात नाणं बसलेलं असतं.

फलक उतरवून घ्यायला लावू नका. एका शाळेची सहल मी बघितली आहे: साठ मुलं, साठ वह्या, सगळ्यांच्या माना खाली आणि मूर्तीकडे एकाचीही नजर नाही. बाईंना घाई होती, बस थांबली होती. वही न्यायचीच असेल तर चित्र काढायला न्या.

निघण्याआधी फोन करून साप्ताहिक सुट्टी विचारा. प्रत्येक संग्रहालयाचा वार वेगळा असतो.

उपाशी पोटी नेऊ नका, आणि खाऊ आत काढू नका. मी पायथ्याशीच चपातीचे रोल देते.

कड्यांना आग्या मोहोळं असतात. दगड मारायचा नाही, आरडाओरडा नाही, अत्तर किंवा परफ्यूम लावून यायचं नाही. पोळं उठलेलं दिसलं तर त्या दिवशी सरळ माघारी फिरा.

परतताना 'काय शिकलास?' असं विचारू नका. मी फक्त शेजारी बसते. सिटीलिंकची बस पाथर्डी फाट्यावरून सुटेपर्यंत एखादं तरी पोर आपणहून सुरू करतं, 'पण मावशी, त्या राजानं जुनी नाणी वितळवली का नाहीत?'