गर्भपाताचा प्रश्न समोर आल्यावर कॅथलिक व्यक्तीने सदसद्विवेकाने निर्णय कसा घ्यावा

वसईतील आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग घेते. तेथे ज्या प्रश्नाची सर्वांना धास्ती असते, तो वर्गात कोणी काढत नाही. तो नंतर चर्चच्या पडवीत, आवाज खाली आणून विचारला जातो. एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर एक तरुणी सोनोग्राफीचा कागद चौघडी करून पर्समध्ये घेऊन आली. गर्भ सहा आठवड्यांचा होता आणि तो गर्भाशयात न राहता उजव्या बीजनलिकेत राहिला होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितले होते. पण घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने "आधी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) पूर्ण कर, मग बघू" असे म्हटल्यामुळे दोन दिवस गेले होते. तिचा प्रश्न एकच होता : "टीचर, हे केलं तर मी चर्चबाहेर जाईन का?" पुढील मार्गदर्शन तिच्यासारख्या स्त्रियांसाठी, त्यांच्या नवऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

सुरुवात नेहमी वैद्यकीय वस्तुस्थितीपासून करावी, कारण वस्तुस्थिती चुकीची कळली तर पुढचा सगळा विचार भरकटतो. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : गर्भ नेमका कोठे आहे, थांबल्यास आईच्या जिवाला किती आणि केव्हा धोका आहे, आणि बाळ जगण्याची काही शक्यता आहे का. उत्तरे त्याच वेळी कागदावर उतरवून घ्यावीत, कारण घाबरलेल्या माणसाला अर्धेच आठवते. पाळी चुकल्यावर पोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल, भोवळ येत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर फादरांची वाट पाहू नये. सरळ रुग्णालय गाठावे. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो, आणि प्रार्थना रुग्णवाहिकेतही करता येते.

त्यानंतर ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, शिकवण मुळातून समजून घ्यावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये. गर्भधारणेपासून मानवी जीवाचा आदर राखला पाहिजे आणि गर्भाचा जीव घेणे हाच हेतू किंवा मार्ग असलेला गर्भपात गंभीर नैतिक अपराध आहे, असे ख्रिस्तसभेचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ (कॅटेकिझम) सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या 'एव्हांजेलियम व्हिटे' या विश्वपत्रात हीच शिकवण अत्यंत ठाम शब्दांत मांडली. आत्मा गर्भात नेमका केव्हा प्रवेश करतो याविषयी मात्र मतभेद होते. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्या काळी तो काही आठवड्यांनंतर येतो असे मानले जाई, आणि 1974 च्या व्हॅटिकन जाहीरनाम्यानेही तो तात्त्विक प्रश्न मुद्दाम खुला ठेवला. मात्र मानवी जीव असण्याची शक्यता आहे एवढ्यावरूनच त्याला धोक्यात घालता येत नाही, असे त्याने सांगितले. ही शिकवण मला मनापासून पटते, आणि म्हणूनच ती अर्धवट सांगितली गेली की फार वाईट वाटते.

शिकवणीचा जो भाग बहुधा सांगायचा राहून जातो, तो दुहेरी परिणामाच्या तत्त्वाचा आहे : कृतीचा हेतू चांगला असेल, तर तिचा नको असलेला दुसरा परिणाम काही वेळा सोसावा लागतो. आईच्या गंभीर आजारावरील उपचार बाळ जगण्याजोगे होईपर्यंत सुरक्षितपणे लांबवता येत नसेल, तर त्या उपचारातून बाळाचा मृत्यू ओढवणार असला तरी तो उपचार करता येतो, असे अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी आपल्या रुग्णालयांसाठी घालून दिलेल्या निर्देशांपैकी 47 व्या निर्देशात म्हटले आहे. गर्भाशयाचा कर्करोग हे त्याचे नेहमीचे उदाहरण. नलिकेतील गर्भाच्या बाबतीत आजारी नलिका काढून टाकणे बहुतेक सर्व कॅथलिक नीतिशास्त्रज्ञ योग्य मानतात. नलिका वाचवून केवळ गर्भ काढणे किंवा गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचे इंजेक्शन देणे याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. त्या तरुणीला मी एवढेच सांगितले की तिच्या डॉक्टरांनी सुचवलेले ऑपरेशन नलिका काढण्याचे आहे, ख्रिस्तसभा त्याला गर्भपाताचे पाप मानत नाही, आणि रिक्षा बाहेर उभी आहे.

प्रत्येक प्रसंग इतका सरळ नसतो. 2009 मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरात चार मुलांची आई अकरा आठवड्यांची गरोदर असताना फुप्फुसातील रक्तदाबाच्या विकाराने मरणाच्या दारात होती. सेंट जोसेफ रुग्णालयाच्या नीतिसमितीवर असलेल्या सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड यांनी गर्भपाताला संमती दिली आणि आई वाचली. तेथील बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी तो थेट गर्भपात ठरवला, सिस्टर बहिष्कृत झाल्याचे (म्हणजे ख्रिस्तसभेच्या संस्कारांना मुकल्याचे) सांगितले आणि 2010 च्या अखेरीस रुग्णालयाची कॅथलिक मान्यता काढून घेतली. त्याच निर्णयाला काही कॅथलिक नीतितज्ज्ञांनी उघड पाठिंबा दिला. श्रद्धावान, जाणती माणसेही अशा टोकावर वेगळ्या निष्कर्षाला येतात, हे मनाशी धरून पुढे जावे. नाहीतर आपण प्रश्न विचारला म्हणजेच आपली श्रद्धा कमी पडली, असे वाटू लागते.

सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय, हे येथे नीट समजून घ्यावे लागते. जगभरातील बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये तिला माणसाचा सर्वांत गुप्त गाभारा म्हटले, जेथे तो देवासोबत एकटाच असतो. खात्रीने झालेल्या अंतःकरणाच्या निर्णयाविरुद्ध जाणाऱ्याचा अंतरात्माच त्याला दोषी ठरवील, असे धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो. पण तोच ग्रंथ हेही सांगतो की ही बुद्धी घडवावी लागते : धर्मवचनाने, प्रार्थनेने, जाणत्यांच्या सल्ल्याने आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीने. जॉन पॉल दुसरे यांनी 1993 मध्ये बजावले की अंतःकरण सत्य निर्माण करत नाही, ते सत्य ओळखते. 'कॅथलिक्स फॉर चॉइस' ही अमेरिकी संघटना याच सदसद्विवेकाच्या आधारे गर्भपाताच्या निवडीचे समर्थन करते; तेथील बिशप तिला कॅथलिक संघटना मानत नाहीत. मला स्वतःला त्या संघटनेचा निष्कर्ष मान्य नाही, परंतु दुसऱ्याच्या अंतःकरणाची जागा आपण घेऊ नये, हे पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये पाळकांनाच सांगितले होते.

व्यवहारात याचा अर्थ असा की निर्णय एका रात्रीत, एकटीने आणि भीतीपोटी घेऊ नये. तातडी नसेल तर दोन-तीन दिवस घ्यावेत. एका विश्वासू धर्मगुरूशी आणि एका वेगळ्या डॉक्टरशी बोलावे. "लोक काय म्हणतील", "सासूबाईंना मुलगाच हवा", "पैसे कोठून आणायचे" हे आवाज वेगळे काढून एकेक तपासावेत. यातला पैशाचा आवाज खरा असेल, तर तो सोडवण्याची जबाबदारी तिच्या एकटीची नसून धर्मग्रामाचीही आहे. ही जबाबदारी न उचलता केवळ निषेध करणाऱ्यांनी तिला सल्ला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच ठेवावा. भारतात 1971 च्या गर्भपातविषयक कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ठरावीक कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. 20 ते 24 आठवड्यांत नियमांत नमूद केलेल्या गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यापुढे गर्भातील गंभीर व्यंगाबाबत वैद्यकीय मंडळ ठरवते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायद्याने आवश्यक नाही, आणि तिचे नाव गुप्त राखणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. शिकवण आणि फौजदारी कायदा यांची सरमिसळ झाली की काय होते, हे बेळगावच्या घरातून आयर्लंडला गेलेल्या सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूत दिसले. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे ठरलेले असूनही, गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांची गर्भपाताची मागणी नाकारली गेली आणि 28 ऑक्टोबर 2012 रोजी जंतुसंसर्गाने त्यांचा अंत झाला. मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतदारांनी तेथील राज्यघटनेतील गर्भपातबंदी उठवली.

आमच्याकडच्या अनेक मुली नर्सिंगमध्ये आहेत, त्यांच्यासाठी थोडे. ब्रिटनच्या 1967 च्या कायद्यात सदसद्विवेकाने गर्भपातात भाग न घेण्याचे कलम आहे. पण स्त्रीचा जीव वाचवताना ते लागू होत नाही, आणि 2014 मध्ये ग्लासगोच्या दोन कॅथलिक सुईणींच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते प्रत्यक्ष हात लावण्याच्या कामापुरते मर्यादित ठेवले. आपला नकार रुजू होतानाच लेखी कळवावा. टेबलावर रुग्ण आल्यावर कळवू नये. ऑपरेशननंतरची शुश्रूषा मात्र कधीही नाकारू नये.

ज्यांचा गर्भपात होऊन गेला आहे, त्यांनी प्रायश्चित्त संस्काराला (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्यास) जावे. बिशपांची खास परवानगी लागते, हा समज जुना झाला. नोव्हेंबर 2016 पासून पोप फ्रान्सिस यांनी जगातील सर्व धर्मगुरूंना हे पाप क्षमा करण्याचा अधिकार कायमचा दिला आहे. गर्भपाताबद्दल आपोआप लागू होणारी बहिष्काराची शिक्षाही अठरा वर्षांखालील मुलीला, तीव्र भीतीपोटी वागलेल्या स्त्रीला किंवा अशी शिक्षा आहे हे आपल्या दोषाशिवाय ठाऊक नसलेल्या व्यक्तीला लागू होत नाही. आपल्या गावात जाणे अवघड वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जावे, नाव सांगू नये, पडद्याआडून बोलावे. ऐकलेले शब्द धर्मगुरू नवऱ्याला, सासूला, बिशपांना किंवा न्यायालयालाही सांगू शकत नाहीत.